सेक्शन ८ चा भाडेकरू घेताय? मग घरमालकाच्या वाट्याला नेमकं काय येतं ते आधी बघून घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की न्यू जर्सीत १९७० च्या दशकातलं तीन बेडरूमचं टाउनहाऊस आहे, आधीचे भाडेकरू ओळखीतले होते ते सोडून गेले, आणि आता जाहिरात टाकल्यावर पहिला धड अर्ज आलाय तो सेक्शन ८ चं व्हाउचर (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत) असलेल्या बाईंचा, सोबत दोन मुलं. मिस्टर म्हणतायत नको ती सरकारी भानगड, तुम्ही म्हणताय सरकार भाडं देतंय तर त्याहून खात्रीचं काय. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं स्वतःची आणि दुसऱ्यांची घरं सांभाळतोय, त्यात व्हाउचरवाली कुटुंबं पहिल्यापासून आहेत, म्हणून जरा लांबड लावून सांगतो. तुमचं दोघांचंही अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक.

आधी मिस्टरांचं घेऊ. "आम्ही सेक्शन ८ घेत नाही" असं न्यू जर्सीत म्हणताच येत नाही. इथल्या भेदभावविरोधी कायद्यात भाड्याचा पैसा कुठून येतो यावरून नकार द्यायला बंदी आहे. फेडरल फेअर हाऊसिंग कायद्यात, म्हणजे १९६८ च्या, हे कलम नाहीये, त्यात वंश, रंग, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व आणि मुलंबाळं असणं एवढंच येतं, त्यामुळे राज्याराज्यात फरक पडतो. कॅलिफोर्नियात २०२० पासून नकार देता येत नाही, इलिनॉयमध्ये २०२३ पासून नाही, टेक्सासात उलट प्रकार, तिथे साधारणपणे नकार देता येतो. म्हणून टेक्सासातल्या डॅलसच्या मावसभावाचा सल्ला आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनला लावू नका, आपल्या लोकांच्या ग्रुपवर हेच चालतं. आणि जाहिरातीतही "वर्किंग प्रोफेशनल्स ओन्ली" वगैरे लिहिलं असेल तर आजच काढा. "भाड्याच्या तिप्पट उत्पन्न हवं" हा नियमही पूर्ण भाड्यावर लावता येत नाही, तो त्या बाईंच्या खिशातून जो हिस्सा जाणार तेवढ्यावरच लावायचा.

पण याचा अर्थ कोणीही आलं की किल्ली द्यायची असाही नाही! हाऊसिंग ऑथॉरिटी, म्हणजे हे व्हाउचर देणारी सरकारी संस्था, फक्त एवढंच बघते की हे कुटुंब मदतीला पात्र आहे का, ते चांगले भाडेकरू आहेत का हे बघायचं काम तुमचं, आणि हे फेडरल नियमातच लिहिलंय. आधीच्या घरमालकाला फोन करा, भाडं वेळेवर देत होते का विचारा, घर कसं सोडलं विचारा. तुम्ही मागितलंत तर ऑथॉरिटीकडे असलेला त्यांचा सध्याचा पत्ता आणि आत्ताच्या व आधीच्या घरमालकाचं नाव-पत्ता त्यांनी तुम्हाला द्यावा लागतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते मागतही नाहीत. आधीच्याला विचारणं जास्त कामाचं, कारण आत्ताच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो गोड गोडच बोलणार. फक्त जे इतरांना विचारता तेच यांना विचारा, जास्त नाही कमी नाही. आणि गुन्हेगारी रेकॉर्डचं न्यू जर्सीत २०२२ पासून वेगळं आहे, आधी सशर्त ऑफर द्यायची आणि मग तपासायचं, अर्जावरच तो प्रश्न टाकायचा नाही.

आता तुमचं, "सरकार भाडं देतंय" हे. इथेच सगळे घसरतात. सरकार तुमचं भाडेकरू होत नाही आणि पार्टनरही होत नाही. कागद दोन असतात. एक लीज, तुमच्यात आणि त्या बाईंच्यात. दुसरा करार तुमच्यात आणि हाऊसिंग ऑथॉरिटीत, त्याला सगळे हॅप कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. ऑथॉरिटी दर महिन्याला तिचा हिस्सा तुमच्या बँकेत टाकते, बास. भाडेकरूचा हिस्सा वसूल करणं, डिपॉझिट घेणं, नळ गळतोय तो दुरुस्त करणं, शेजाऱ्यांची तक्रार आली तर बोलणं, हे सगळं पूर्वी जसं तुमचं होतं तसंच तुमचं. बाईंनी त्यांचा हिस्सा दिला नाही तर ऑथॉरिटी तो भरत नाही. भिंतीला भोक पाडलं तर त्याचेही पैसे ऑथॉरिटी देत नाही, डिपॉझिटमधून घ्या, नाही पुरलं तर भाडेकरूकडे मागा. डिपॉझिट न्यू जर्सीच्या नियमानेच, जास्तीत जास्त दीड महिन्याचं भाडं, व्याजाच्या वेगळ्या खात्यात, आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशोब. हो, काही ऑथॉरिट्या "इतर भाडेकरूंकडून घेता त्याहून जास्त घ्यायचं नाही" असंही म्हणतात.

पैशाचं गणित एकदा नीट बघा, कारण यात घरमालक आणि भाडेकरू दोघंही चुकतात. आकडे मी समजायला घेतलेत, तुमच्या गावचे नाहीत. समजा ऑथॉरिटीचं तीन बेडरूमचं पेमेंट स्टँडर्ड, म्हणजे मदतीच्या हिशोबात धरायची कमाल रक्कम, २,५०० डॉलर आहे (एचयूडी, म्हणजे फेडरल सरकारचं गृहनिर्माण खातं, त्या भागातल्या भाड्याचा जो अंदाज काढतं त्या फेअर मार्केट रेंटच्या साधारण ९० ते ११० टक्क्यांत हे ठरवतात). तुम्ही भाडं मागताय २,४००, आणि गॅस-वीज भाडेकरूने भरायची, त्याचा ऑथॉरिटीच्या तक्त्याप्रमाणे अंदाज १८०. म्हणजे एकूण २,५८०. बाईंचं हिशोबातलं मासिक उत्पन्न २,०००, त्याचे ३० टक्के, म्हणजे कुटुंबाचा मूळ हिस्सा, ६००. ऑथॉरिटी काय देणार, तर २,५०० आणि २,५८० मधला लहान आकडा वजा ६००, म्हणजे १,९००. उरलेले ५०० बाई तुम्हाला देणार आणि १८० चं बिल स्वतः भरणार, त्यांच्यावर एकूण ६८०, म्हणजे उत्पन्नाच्या ३४ टक्के. चालतं. आता तुम्ही म्हणालात २,६०० हवेत. ऑथॉरिटी तरीही १,९०० च देणार, बाईंवर ७०० अधिक १८०, म्हणजे ८८०, ४४ टक्के. इथे फाइल अडली, कारण भाडं पेमेंट स्टँडर्डच्या वर गेलं की नवीन घर भाड्याने घेताना कुटुंबाचा हिस्सा ४० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. या गणितात २,५२० च्या वर तुम्हाला जाताच येणार नाही. गंमत म्हणजे तेच घर तेवढ्याच भाड्याला दुसऱ्या व्हाउचरवाल्या कुटुंबाला मंजूर होऊ शकतं, कारण त्यांचं उत्पन्न वेगळं. म्हणून "ऑथॉरिटीने माझं भाडं नाकारलं" असं ऐकलं की मी आधी विचारतो, कुठल्या कारणाने?

कारण दुसरं एक गाळणं असतं, भाडं वाजवी आहे का. आजूबाजूची विनामदतीची तशीच घरं कितीला जातात ते ऑथॉरिटी बघते, जागा, आकार, वय, सोयी सगळं धरून. इथे तुम्ही गप्प बसायचं नाही, तुमच्याच कॉम्प्लेक्समधल्या भाड्याने गेलेल्या तीन-चार घरांची माहिती स्वतःहून द्या, नवं किचन केलंय, वॉशर-ड्रायर आहे, गॅरेज आहे, सगळं लिहा. आणि तुमच्या मालकीची तिथे अजून घरं असतील तर त्यांच्यापेक्षा यांना जास्त भाडं लावता येत नाही, दर महिन्याचं पेमेंट स्वीकारलं म्हणजेच तुम्ही तसं प्रमाणित केलं असं धरलं जातं.

आता प्रोसेस. बाई तुम्हाला एक फॉर्म देतील, रिक्वेस्ट फॉर टेनन्सी अप्रूव्हल. त्यात भाडं, डिपॉझिट, घर कधी बांधलं, आणि कुठलं बिल कोण भरणार, स्टोव्ह आणि फ्रिज कोणाचा हे लिहायचं असतं. हा तक्ता लोक घाईत भरतात आणि नंतर रडतात. पाणी तुम्ही भरताय की त्या, हीट गॅसवर की विजेवर, लीजमध्ये जे आहे तेच इथे हवं, कारण वरचा तो १८० चा आकडा याच्यावरूनच येतो. फॉर्म गेला की इन्स्पेक्शन.

इन्स्पेक्शनला लोक उगाच घाबरतात. काउंटरटॉप जुना आहे म्हणून कोणी फेल करत नाही. फेल होतं ते फालतू गोष्टींवर, आणि मी तर आदल्या दिवशी हातात स्क्रूड्रायव्हर, बल्ब आणि एक आउटलेट टेस्टर घेऊन स्वतः घरभर फिरतो. प्रत्येक खिडकी उघडून बघा, वर केली की तशीच राहते का धाडकन खाली येते, लॉक लागतं का. प्रत्येक आउटलेटला टेस्टर लावा, कव्हरला तडा गेलेला चालत नाही, सिंकपासून सहा फुटांच्या आतल्या आउटलेटला जीएफसीआय (शॉक लागू नये म्हणून वीज आपोआप तोडणारी सोय) हवं. स्टोव्हचे चारही बर्नर पेटले पाहिजेत, तीन पेटले म्हणजे फेल. चार किंवा जास्त पायऱ्या असतील तिथे कठडा, बेसमेंटच्या जिन्याला तो हमखास नसतो किंवा हातात येतो. वॉटर हीटरला वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हपासून जमिनीजवळ येणारा पाइप हवा, प्लंबरने तो अर्धवट सोडलेला असतो, बघा जाऊन, पैज लावतो. स्मोक अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि बेडरूमपाशी, आणि गॅसची उपकरणं किंवा जोडलेलं गॅरेज असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही. बाहेर जायच्या दाराला आतूनही किल्लीने उघडायचं कुलूप असेल तर बदला, आग लागली तर किल्ली कोण शोधत बसणार. आणि घर रिकामं आहे म्हणून तुम्ही गॅस-वीज बंद केली असेल तर इन्स्पेक्शनच्या आधी चालू करा, नाहीतर तो माणूस दारातूनच परत जाईल.

तुमच्या बाबतीत खरी गोष्ट रंगाची आहे. घर १९७८ च्या आधीचं असेल आणि त्या दोन मुलांपैकी कोणी सहा वर्षांखालचं असेल, तर शिशाचा रंग हा विषय आलाच. खिडकीच्या चौकटीत, पोर्चच्या छतावर, कुठेही रंगाचे पोपडे निघालेले दिसले तर फेल, आणि ते नुसतं खरवडून वरून रंग मारायचा नाही, त्यासाठी शिशाचं ट्रेनिंग घेतलेला सर्टिफाइड माणूसच लागतो (धूळच जास्त घातक असते मुलांना). शिवाय लीजच्या वेळी शिशाबद्दलचा डिस्क्लोजर (माहिती देणारा) फॉर्म आणि त्याबद्दलची छापील पुस्तिका द्यायची, हे तर १९७८ आधीच्या घरातल्या कुठल्याही भाडेकरूला द्यायचं असतं, व्हाउचर असो नसो. आणि न्यू जर्सीचा स्वतःचा शिशाच्या तपासणीचा कायदा २०२२ पासून लागू आहे, टाउनशिपकडे विचारा तुमच्या घराचं सर्टिफिकेट झालंय का. ही तपासणी आणि ऑथॉरिटीचं इन्स्पेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक झालं म्हणून दुसरं सुटत नाही.

इन्स्पेक्शन पास व्हायच्या आधी किल्ली देऊ नका. बाई बिचाऱ्या मुलांना घेऊन नातेवाइकांकडे राहत असतील, तुम्हाला दया येईल, पण पास होऊन लीज सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांचे पैसे ऑथॉरिटी देत नाही आणि त्या दिवसांचं पूर्ण भाडं भरायची ताकद त्यांच्यात नसते. भांडण तिथूनच सुरू होतं. तसंच लीज सुरू झाल्यापासून ६० दिवसांत हॅप कॉन्ट्रॅक्टवर दोघांच्या सह्या झाल्या पाहिजेत, नाहीतर तो करार बादच. ऑथॉरिटीच्या माणसाच्या मागे लागून घ्या, ईमेलवर, फोनवर नाही.

लीज तुमचीच, जी इतरांना देता तीच, पहिली मुदत साधारण एक वर्षाची. पण तिला एचयूडीची टेनन्सी ॲडेंडम (ठरलेल्या अटींची पुरवणी) जोडावी लागते, शब्दाचाही बदल न करता. आणि तुमच्या लीजमध्ये आणि तिच्यात विरोध आला तर ती जिंकते. म्हणजे तुमच्या लीजमध्ये लिहिलं असेल की "एक महिन्याच्या नोटिशीवर मालक घर रिकामं करून घेऊ शकतो", तर ते कलम शोभेपुरतं उरलं.

बरं, आता जे अजिबात करायचं नाही ते. वरून वेगळे पैसे. "ऑथॉरिटी २,४०० च मंजूर करते ना, मग शंभर तुम्ही मला कॅश द्या", हे आपल्यातले बरेच लोक सहज बोलून जातात, त्यांना वाटतं बाई तयार आहेत तर कोणाचं काय जातंय. हा सरळसरळ कराराचा भंग आहे आणि त्याहून वाईट म्हणजे फेडरल फॉल्स क्लेम्स ॲक्टमध्ये (सरकारकडून खोट्या दाव्याने पैसे घेण्याविरुद्धच्या कायद्यात) बसतो, दर महिन्याचं पेमेंट हा एक वेगळा खोटा दावा धरला जाऊ शकतो, नुकसानीच्या तिप्पट आणि वर प्रत्येक दाव्यामागे हजारो डॉलरचा दंड. पार्किंग, स्टोव्ह, फर्निचर अशा नावाने घेतलं तरी तेच, इतरांकडून ज्याचे वेगळे पैसे घेत नाही ते यांच्याकडून घ्यायचे नाहीत. आणि उलट बाजूने, बाईंचा हिस्सा तुम्ही "जाऊ दे" म्हणून गुपचूप माफ करत राहिलात तर तेही बरं नाही, कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच असा प्रकार होतो.

दुसरं, नातेवाईक. तुमच्या प्रश्नात नाही पण पुढेमागे कोणीतरी विचारेलच म्हणून सांगतो, आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणाला व्हाउचर मिळालं म्हणून त्यांना तुमच्याच घरात ठेवून ऑथॉरिटीचे पैसे घेता येत नाहीत. घरातल्या कोणाच्या अपंगत्वासाठी गरज आहे म्हणून ऑथॉरिटीने मंजुरी दिली तरच.

भाडेकरू राहायला आल्यावरचं रोजचं काम फार वेगळं नाहीये. इन्स्पेक्शन पुन्हा होतं, निदान दोन वर्षांतून एकदा, काही ऑथॉरिट्या दरवर्षी करतात, शिवाय भाडेकरूने तक्रार केली की मध्येच. जिवाला धोका असेल तर, म्हणजे गॅस गळती, अलार्म बंद असं काही, २४ तासांत दुरुस्ती, बाकीच्यासाठी साधारण ३० दिवस. नाही केलं तर पेमेंट थांबतं आणि थांबलेल्या काळाचे पैसे नंतर दुरुस्ती केली तरी परत मिळत नाहीत. आणि लक्षात घ्या, ते थांबलेले पैसे भाडेकरूकडे मागता येत नाहीत, पेमेंट थांबलं म्हणून त्यांना बाहेरही काढता येत नाही. बिघाड भाडेकरूमुळे झाला असेल, म्हणजे त्यांनी वीजबिल भरलं नाही किंवा दार फोडलं, तर तसं ऑथॉरिटीला लेखी कळवा, फोटोसकट, मग ती जबाबदारी त्यांच्यावर जाते. फोटो राहायला येण्याच्या दिवशीचेही हवेत, तारखेसकट, कपाटाच्या आतलेसुद्धा. झुरळं-ढेकणांचं मात्र तुम्हीच बघायचं असतं, "हे तुम्हीच आणलेत" म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा एक्स्टर्मिनेटर बोलवा.

बाईंचं उत्पन्न बदललं की हिस्से बदलतात, ऑथॉरिटी पत्र पाठवते, एकूण भाडं तेच राहतं. पत्र आलं की त्या महिन्यापासून तुमचा हिशोब बदला, पुष्कळ मालक जुनाच आकडा मागत राहतात. भाडं वाढवायचं असेल तर पहिल्या मुदतीत नाही, नंतर निदान ६० दिवस आधी ऑथॉरिटीला लेखी कळवायचं आणि पुन्हा तो वाजवीपणाचा तपास, शिवाय तुमच्या टाउनशिपचा भाडे नियंत्रणाचा वटहुकूम असेल तर तोही. भाडेकरू घर सोडून गेले तर लगेच कळवा. ज्या महिन्यात गेले त्या महिन्याचं पेमेंट ठेवता येतं, पुढच्या महिन्याचं आलं तर परत करायचं, गप्प बसून खाल्लं तर वर सांगितलेला तोच कायदा.

काढायची वेळ आली तर? हिस्सा थकला, लीजचं गंभीर किंवा वारंवार उल्लंघन झालं, तर इतर भाडेकरूंसारखंच नोटीस आणि कोर्ट, कुलूप बदलणं वगैरे स्वप्नातही नाही. फरक एवढाच की नोटिशीची प्रत ऑथॉरिटीलाही द्यायची. ऑथॉरिटीने पैसे उशिरा टाकले हे भाडेकरूला काढायचं कारण होत नाही. आणि फक्त लीज संपली म्हणून न्यू जर्सीत तुमच्यासारख्या न राहणाऱ्या मालकाला कोणालाच काढता येत नाही, व्हाउचर असो वा नसो, १९७४ पासून तसा कायदा आहे. घरगुती हिंसाचार झालेल्या बाईला त्या मारहाणीच्या गोंधळाबद्दल नोटीस देता येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं, शेजारी "पोलीस सारखे येतात" म्हणून तुमच्यावर दबाव आणतात तेव्हा. आणि एक, गंभीर उल्लंघनासाठी कोर्टातून बाहेर काढलं गेलं की कुटुंबाचं व्हाउचर जातं, आणि ते मिळायला लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असतात, म्हणून माझा अनुभव तरी असा की आपला हिस्सा ही मंडळी आयटीवाल्यांपेक्षा नियमित देतात. आयटीवाला जॉब बदलला की सिॲटलला पळतो, ही मंडळी मुलांची शाळा धरून राहतात.

टॅक्सचं सोपं आहे, डब्ल्यू-९ (तुमच्या टॅक्स नंबरचा फॉर्म) भरून द्यायचा, जानेवारीत ऑथॉरिटी १०९९ (वर्षभरात दिलेल्या पैशांचा फॉर्म) पाठवते, पण त्यात फक्त तिचा हिस्सा असतो, भाडेकरूने दिलेले पैसे तुम्ही स्वतः त्यात धरायचे. घर पुढे एलएलसीच्या (स्वतःच्या छोट्या कंपनीच्या) नावावर करायचा विचार असेल, किंवा विकायचा, तर हॅप कॉन्ट्रॅक्ट आपोआप नव्या मालकाकडे जात नाही, ऑथॉरिटीची आधी लेखी संमती लागते. सीएच्या सांगण्यावरून गुपचूप डीड बदलली आणि पेमेंट जुन्या नावावर येत राहिलं असं करू नका.

आता लगेच काय करायचं, तर त्या बाईंना त्यांचं व्हाउचर दाखवायला सांगा. त्यावर किती बेडरूमचं आहे, कुठल्या ऑथॉरिटीचं आहे (गावची ऑथॉरिटी की राज्याचं कम्युनिटी अफेअर्स खातं, दोन्ही चालवतात) आणि मुदत कधी संपते हे असतं. मुदत संपायला दोन आठवडे उरले असतील तर फॉर्म याच आठवड्यात गेला पाहिजे, तुम्ही दोघं अजून महिनाभर विचार करत बसलात तर उत्तर आपोआपच "नाही" होईल आणि मग तुम्ही मुद्दाम वेळ काढलात असं त्यांना वाटलं तर त्यांना तक्रार करायलाही जागा मिळेल.